बर्नरचं भोक पूर्ण उघडं की अर्धं? पुस्तक एक सांगतं, लॅबमधले मामा दुसरंच करतात

चंचुपात्र
नमस्कार मंडळी. मध्य मुंबईतल्या एका ज्युनिअर कॉलेजात यंदापासून केमिस्ट्री शिकवते आहे. बारावीची सॉल्ट ॲनालिसिसची प्रॅक्टिकल्स सुरू झाली आणि पहिलाच वाद बुन्सेन बर्नरवरून.

मी मुलांना सांगते, पेटवताना हवेचं भोक बंद ठेवा, पेटला की कॉलर (नळीच्या बुडाशी भोकावर फिरणारी कडी) फिरवून पूर्ण उघडा, पिवळी ज्योत जाऊन निळी येईल. दहावीच्या पुस्तकातसुद्धा हे आहे. आमच्या लॅबचे मामा मात्र (निवृत्तीला टेकलेत, माझ्या वयापेक्षा त्यांची नोकरी मोठी) माझी पाठ वळली की मागच्या टेबलांवर जाऊन सगळ्यांच्या कॉलर अर्ध्यावर आणून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "मॅडम, पूर्ण उघडलंत तर आत जाईल."

आणि खरंच आत जाते! फट्ट असा आवाज होतो, वरची ज्योत गायब, नळीच्या आत सूंऽऽ करत काहीतरी हिरवट जळत राहतं, नळी इतकी तापते की हात लावता येत नाही. वासही विचित्र येतो.

गंमत अशी की पुढच्या टेबलांवर हे सहसा होत नाही. सकाळी मी एकटीने डेमो करून पाहिला तर मागच्या टेबलांवरचेही बरेचसे बर्नर शहाण्यासारखे वागले. बॅच आली की पुन्हा फट्ट फट्ट. काही बर्नर मात्र कुठेही नेले तरी वात्रटच. उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅबचे सिलिंडर काढून पाइप गॅस आला, त्याचा काही संबंध असेल का?

पुस्तक खरं की मामा?

टवाळ_कार्टं
मामा. धागा बंद करा.

शिवडी_नाका
टवाळ +१. लॅबचे मामा आणि कॉलेजच्या कँटीनचे अण्णा यांच्याशी वाद घालू नये हा पहिला धडा. 😄

आमच्या वेळी बर्नर आत गेला की मागच्या बाकावरची पोरं मुद्दाम तसाच ठेवायची, कारण त्या आवाजात गप्पा मारता यायच्या. रबरी नळी वितळायला लागली की मग सगळे "सर, सर".

रसायनी
चंचुपात्रताई, प्रश्न झकास आहे. उत्तरही तुमच्याच पोस्टमध्ये अर्धं दडलंय. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

बर्नरच्या बुडाशी एक बारीक तोटी असते, जेट. त्यातून गॅस जोरात वर सुटतो आणि जाताना आजूबाजूची हवा आपल्यासोबत ओढून नेतो. कॉलरचं भोक म्हणजे या हवेला आत यायचं दार. म्हणजे हवा कुणी फुंकत नाही, गॅसच खेचतो. नळीत दोघांचं मिश्रण होतं आणि ते वर मुखाशी जळतं.

भोक बंद असेल तर गॅस नळीतून कोराच बाहेर येतो आणि त्याला हवा मिळते ती फक्त बाहेरून, कडेकडेने. मधल्या गॅसला ऑक्सिजन मिळेपर्यंत तो तापून फुटतो, कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते तापून पिवळे झळाळतात. पिवळा उजेड म्हणजे तापलेली काजळी. भोक उघडलं की ऑक्सिजन आधीच मिसळलेला असतो, कार्बनचे कण जमायच्या आत जळून जातात, म्हणून ज्योत निळी. तो निळा-हिरवा रंग कणांचा नव्हे, ज्योतीत क्षणभर जगणाऱ्या कार्बन-हायड्रोजन आणि कार्बन-कार्बन अशा तुकड्यांचा.

इथवर पुस्तक. आता मामा.

ज्योत मुखावर स्थिर दिसते, पण ती स्थिर नसते. ती सतत खाली, न जळलेल्या मिश्रणाकडे सरकायला बघत असते आणि खालून येणारं मिश्रण तिला वर ढकलत असतं. दादर स्टेशनच्या वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर एखादं पोर उलटं खाली धावतंय असं समजा. दोघांचा वेग सारखा असेल तर पोर जागच्या जागी. जिना मंदावला की पोर खाली पोचलं. जिना जोरात सुटला की पोर वर फेकलं गेलं.

मिथेन-हवेच्या मिश्रणात ज्योत जास्तीत जास्त सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर धावते, आणि हा वेग हवेच्या प्रमाणावर अवलंबून असतो. गॅस भरपूर आणि हवा कमी असेल तर ती मंद असते. भोक उघडत जाल तसं मिश्रण अचूक प्रमाणाकडे सरकतं आणि ज्योत वेगवान होते. त्याच वेळी गॅसचा दाब कमी असेल तर जिना मंद. पोर धावरं आणि जिना मंद, म्हणजे फट्ट.

मागच्या टेबलांवर, पूर्ण बॅच असताना, एकाच लाइनवर सगळे नळ उघडे. शेवटच्या टेबलापर्यंत दाब पडतो. तुम्ही सकाळी एकट्या असता तेव्हा पडत नाही. मामा कॉलर अर्धी करून ज्योतीचा वेग कमी करतात. त्यांना हे असं सांगता येणार नाही, पण हाताला माहीत आहे.

वात्रट बर्नरांचं कारण वेगळं असावं. त्याबद्दल नंतर, आता जेवायला हाक आली.

टवाळ_कार्टं
सरकत्या जिन्यावर उलटं धावणारं पोर म्हणजे मी. माझा फोटो विनापरवानगी वापरल्याबद्दल निषेध.

मीनल_पार्ले
रसायनी, दंडवत! शाळेत कुणी असं सांगितलं असतं तर मी कॉमर्सला गेले नसते.

वरळीकर_जोशी
लेख छान, पण एक शंका. अर्धं भोक ठेवायचं म्हणजे मुलांना अर्धवट ज्योत द्यायची. उष्णता कमी मिळणार, परीक्षानळी तापायला वेळ लागणार. पिवळी ज्योत म्हणजे गॅस वाया, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.

रसायनी
जोशीकाका, उष्णता आणि तापमान यांची गल्लत होतेय. तेवढाच गॅस पूर्ण जळला तर उष्णता तेवढीच निघते, ज्योत निळी असो की पिवळी. फरक कुठे? निळी ज्योत आखूड आणि घट्ट, तीच उष्णता थोड्या जागेत, म्हणून तापमान दीड हजार सेल्सिअसच्या आसपास जातं. पिवळी ज्योत लांब आणि ढिली, हजाराच्या आसपास. शिवाय काजळीचे कण उष्णता चहूकडे किरणांच्या रूपात फेकतात.

आणि अर्धं भोक म्हणजे पिवळी ज्योत नव्हे. बहुतेक बर्नरात अर्ध्यावरही ती निळीच असते, फक्त आतला शंकू (ज्योतीच्या मधला निळा सुळका) थोडा लांब आणि मऊ दिसतो.

वरळीकर_जोशी
सिद्धांत मान्य. पण चंचुपात्रात पाणी उकळायला पिवळ्यावर जास्त वेळ लागतो हे मी स्वतः पाहिलंय. आणि चंचुपात्राचं बूड काळंकुट्ट होतं ते वेगळंच.

रसायनी
लागतोच. लांब ज्योत भांड्याच्या कडेने वर पळते, उष्णता खोलीला. आणि थंड काचेला टेकली की काजळी जळायच्या आधीच विझून चिकटते, तेवढा कार्बन खरोखर वाया. म्हणजे व्यवहारात तुम्ही बरोबर, कारणात मी. 🙂

मीनल_पार्ले
अवांतर होईल, पण घरच्या शेगडीचं विचारू का? आमच्याकडे पाइप गॅस आहे. ज्योत निळी असते, पण मधूनमधून केशरी ठिणग्या-झुळका येतात, पावसाळ्यात जास्तच. केर काढत असले की तर पूर्ण केशरी. भांडी काळी होत नाहीत. हवेचं भोक बिघडलंय का?

खारदांडा
मीनल, आमच्याकडे तर बाराही महिने. समुद्र खिडकीत आहे. मेकॅनिक येऊन बर्नर घासून गेला, पैसे घेऊन गेला, केशरी तशीच.

रसायनी
मीनल, भांडी काळी होत नाहीत हाच निकाल. तो काजळीचा पिवळा नव्हे, सोडियमचा. धुळीत, घामात, समुद्राच्या हवेत मीठ असतंच, आणि सोडियम इतका भोचक आहे की कणभर असला तरी ज्योत रंगवतो. फ्लेम टेस्ट करणाऱ्या पोरांचा जन्माचा शत्रू. खिडकीत समुद्र असेल तर खारदांड्याच्या शेगडीला कुणी काही करू शकत नाही.

ओळखायचं कसं? एक, थंड पांढरी बशी क्षणभर ज्योतीत धरा. काळी पडली तर काजळी, नाही तर सोडियम. दोन, कॉलेजात असाल तर निळ्या कोबाल्ट काचेतून बघा. ती काच सोडियमचा पिवळा गिळते, त्यामुळे त्या झुळका दिसेनाशा होतात. काजळीच्या उजेडात सगळेच रंग असतात, तो काचेतूनही जांभळट दिसत राहतो. पोटॅशियमची टेस्ट आपण त्याच काचेतून करतो ती याचसाठी.

भांडी काळी व्हायला लागली, ज्योत लोळायला लागली तर मात्र बर्नरची भोकं आणि हवेची वाट साफ करून घ्या, आणि खिडकी उघडी ठेवा. अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड होतो, तो दिसत नाही नि वासही नाही. तिथे चेष्टा नको.

खारदांडा
म्हणजे मेकॅनिकला दिलेले पैसे अरबी समुद्रात. धन्यवाद.

गिरणगाव
माझं बालपण लालबागच्या गॅस कंपनी लेनजवळ गेलं, म्हणून या धाग्यावर हक्काने लिहितो. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ साली. तो गॅस दगडी कोळसा भट्टीत बंद तापवून काढलेला. त्यात साधारण निम्मा हायड्रोजन, मग मिथेन आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड. विषारी प्रकरण.

रसायनींच्या जिन्यावर त्याचा हिशोब लावून बघितला. हायड्रोजनची ज्योत हवेत सेकंदाला तीन मीटरच्या घरात धावते म्हणतात. म्हणजे जुन्या कोळसा-गॅसवर बर्नर आत जायची भीती आजच्यापेक्षा कितीतरी जास्त असणार, बरोबर ना? आणि बुन्सेनने बर्नर केला तो याच गॅसवर.

रसायनी
गिरणगाव, शंभर टक्के. हायडेलबर्गला बुन्सेनची नवी प्रयोगशाळा १८५५ मध्ये उभी राहिली, शहरात कोळसा-गॅस नुकताच आला होता. त्याच्या मनात होतं की गॅस आणि हवा जळायच्या आधीच मिसळायची, म्हणजे काजळी नको, उजेडही नको. पीटर डेझागा या यंत्र बनवणाऱ्याने ते प्रत्यक्षात घडवलं. तसा बर्नर आधी फॅरेडेनेही केला होता. बुन्सेनने पेटंट घेतलं नाही.

उजेड नको हाच मुद्दा होता. ज्योत स्वतः जवळपास रंगहीन झाली, म्हणून तिच्यात धरलेल्या क्षाराचा रंग शुद्ध दिसायला लागला. मग किर्चहॉफ आणि बुन्सेन यांनी त्या रंगाला प्रिझम लावला आणि १८६० मध्ये सिझियम, १८६१ मध्ये रुबिडियम सापडलं. भोक बंद ठेवून हे झालं नसतं.

गिरणगाव
आणि गंमत बघा. रस्त्यावरच्या दिव्याला पिवळीच ज्योत हवी, काजळीशिवाय उजेड नाही. मग बुन्सेनच्याच शिष्याने, ऑयर फॉन वेल्सबाखने, १८८५ च्या सुमाराला जाळी काढली. निळ्या ज्योतीवर जाळी, पुढे सुधारल्यावर ती थोरियम ऑक्साइडची, त्यात एखादा टक्का सिरियम. ज्योत फक्त तापवते, उजेड जाळी देते. आपल्या लग्नातल्या, गणपतीच्या मिरवणुकीतल्या पेट्रोमॅक्स बत्त्या तीच जात. डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्यांना काय माहीत की वर बुन्सेनची ज्योत आहे.

देवगड_हापूस
वर्णपटाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्गावर लागला. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर साहेबाने १८६८ च्या ग्रहणात तिथून पाहिलं. साहेबाचे कट्टे अजून आहेत. दर १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो.

रसायनी
हापूसराव, कट्टे आहेत, दिवसही साजरा होतो, पण लॉकयर तिथे नव्हता. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यान्सेनने गुंटूरहून सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला. लॉकयरने हेलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली, ग्रहण नसताना. ग्रहण विजयदुर्गावरूनही दिसलं एवढं खरं.

देवगड_हापूस
आमच्या आजोबांनी सांगितलंय. गुंटूरला मिरची होते, हेलियम विजयदुर्गला.

टवाळ_कार्टं
धागा बर्नरचा होता, सूर्यापर्यंत पोचला. आता कुणीतरी गॅस कमी करा.

तुर्भे_शिफ्ट
गॅस कमी करू नका! 😄 तिथेच तर लोक चुकतात. ज्योत लहान करायची म्हणून नळ कमी करतात, कॉलर तशीच उघडी ठेवतात, आणि फट्ट. आधी कॉलर आवळा, मग नळ.

मी कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये काढली सगळी वर्षं. चंचुपात्र मॅडम, ज्योत आत गेली की काय करायचं ते मुलांना पहिल्याच दिवशी शिकवा. कॉलरशी खेळायचं नाही, फुंकायचं नाही, नळीला हात लावायचा नाही. सरळ टेबलावरचा नळ बंद. बर्नर थंड होऊ द्यायचा. मग भोक बंद करून पुन्हा पेटवायचा आणि हळूहळू उघडायचा. तो विचित्र वास अर्धवट जळलेल्या गॅसचा, त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो, म्हणून "असू दे जळत" अजिबात नाही.

आणि थांबलेले असताना भोक बंद, पिवळी ज्योत. निळी ज्योत उन्हात दिसतच नाही, ओढणी नि केस आधी पोचतात.

आता तुमचे वात्रट बर्नर. सिलिंडरचे बर्नर पाइप गॅसवर लावताना जेट बदलले का? सिलिंडरचा गॅस म्हणजे प्रोपेन-ब्युटेन. एक भाग प्रोपेन पूर्ण जाळायला सुमारे २४ भाग हवा लागते, ब्युटेनला ३१ च्या आसपास. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन, त्याला साडेनऊ भाग पुरतात. म्हणून सिलिंडरच्या बर्नरला जेटचं भोक बारीक ठेवतात, थोडा गॅस आणि भरपूर हवा. त्याच बारीक जेटमधून मिथेन सोडलात तर गॅस अपुरा आणि हवा नको तितकी. घरी पाइप गॅस आला तेव्हा माणूस येऊन शेगडीचे जेट बदलून गेला होता की नाही, आठवा. लॅबमध्ये तो आला होता का?

रसायनी
हेच लिहायचं राहिलं होतं जेवायला उठल्यामुळे. तुर्भे, नेमकं.

उलट केलं तर, म्हणजे पाइप गॅसचं मोठं जेट सिलिंडरवर लावलं, तर कॉलर पूर्ण उघडूनही भली मोठी पिवळी, धूर ओकणारी ज्योत मिळते. तेव्हा फक्त भोकाकडे बघून काही कळत नाही.

शिवडी_नाका
आमची आई स्टोव्हला पिन मारायची तो हाच जेट का? पंप मारायचा, सूं आवाज, निळी ज्योत. पिन मारली नाही की ज्योत पिवळी आणि आईचा चेहरा लाल.

तुर्भे_शिफ्ट
तोच. रॉकेलची वाफ तोटीतून सुटते नि हवा ओढते. वातीच्या स्टोव्हला तोटी नाही, त्याची गोष्ट वेगळी.

चंचुपात्र
सगळ्यांचे मनापासून आभार! आज प्रॅक्टिकल नव्हतं, मामांना घेऊन बसले.

बर्नर उघडून जेट काढले आणि खिडकीशी उजेडात धरून शेजारी शेजारी पाहिले. वात्रट बर्नरांच्या जेटचं भोक दिसेल न दिसेल इतकं बारीक, शहाण्यांचं डोळ्यांना सहज मोठं. शहाणे बर्नर सुट्टीत गॅसलाइनसोबत नवे आलेले. वात्रट सगळे जुने, सिलिंडरच्या काळातले, कपाटातून काढून पुन्हा लावलेले. मामा म्हणाले, "बर्नर तेच, गॅस तोच, असं वाटलं सगळ्यांना." त्यांनी स्वतः तसं म्हटल्याचं आठवत नाही, हेही लगेच जोडलं.

मग एक शहाणा बर्नर शेवटच्या टेबलावर घेतला, कॉलर पूर्ण उघडली. आतला शंकू स्वच्छ निळा-हिरवा, टोकदार. मामांनी पुढच्या टेबलांवरचे नळ एकेक करत उघडून बर्नर पेटवत आणले. शंकू बसत गेला, आखूड झाला, थरथरायला लागला, आणि मग आत. तोच बर्नर कॉलर अर्धी करून लावला, सगळे पेटलेले असतानाही टिकला. शंकू थरथरताना डोळ्यांनी पाहिला आणि रसायनींचा जिना समजला.

नवे जेट मागवलेत. पण एक प्रश्न राहतो. जेट बदलल्यावरही मागच्या टेबलांना अर्धंच ठेवायचं का?

टवाळ_कार्टं
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. माझी फी?

रसायनी
टवाळ, तुझी फी मामांकडून घे.

चंचुपात्रताई, मागच्या टेबलांना पूर्ण बॅच असताना हो. पण "अर्धं" असा नियम करू नका, शंकू बघायला शिकवा. टोकदार, स्थिर, मंद आवाजाचा शंकू हवा. आखूड होऊन थरथरला तर कॉलर थोडी आवळा. ज्योत मुखापासून उचलली जाऊन गर्जायला लागली तर गॅस जास्त, नळ कमी करा आणि कॉलरही जरा आवळा. शंकू हरवून टोक पिवळं झालं तर कॉलर उघडा. ट्रायपॉडची जाळी फार खाली आली तरी पिवळी होते, कारण मुखाशी अडथळा आला की गॅसला हवा ओढता येत नाही. त्याचा दोष कॉलरला देऊ नका.

लाइनचा दाब कायमचाच पडत असेल तर पाइप फार बारीक आहे, ते काम गॅसवाल्यांचं.

वरळीकर_जोशी
मुलांना शंकू दाखवायचा एक जुना खेळ आहे. आगपेटीच्या काडीला गुलाच्या खाली टाचणी आरपार खोचायची, काडी नळीच्या मुखात गूल वर राहील अशी टांगायची, टाचणी कडेवर टेकलेली. भोक उघडं ठेवून गॅस चांगला सोडा आणि वरून पेटवा. गूल शंकूच्या पोटात असतं आणि पेटत नाही! दीड हजार डिग्रीच्या ज्योतीत काडी कोरी. आतला गॅस अजून जळलेलाच नाही, हे त्याहून सोपं कुणी दाखवू शकत नाही. बॅचला एकदा दाखवा, वर्षभर कुणी परीक्षानळी शंकूच्या आत घालून बसणार नाही. परीक्षानळी शंकूच्या टोकाच्या किंचित वर, तिथे सर्वांत जास्त ताप.

मीनल_पार्ले
जोशीकाका, हे मी घरी शेगडीवर केलं तर?

वरळीकर_जोशी
नको गं बाई.

संगमेश्वरी
गावाकडचा आवाज. आमच्या ज्युनिअर कॉलेजात गॅसलाइन नाही, स्पिरिट लॅम्पवर काम. त्याला ना जेट ना भोक. बोरॅक्स बीड टेस्टला (बोरॅक्सच्या मण्याच्या रंगावरून धातू ओळखायची ती) मुलं रडतात. तुम्ही मुंबईकर कॉलर किती फिरवायची यावर भांडताय, तुमचं बरं आहे!

चंचुपात्र
संगमेश्वरी, बीड टेस्टचं बरं काढलंत. कॉपरचा मणी निळ्या ज्योतीच्या बाहेरच्या भागात धरला की गार झाल्यावर निळा आणि आतल्या, हवा कमी असलेल्या भागात धरला की तांबडा, अपारदर्शक. एकाच बर्नरवर ऑक्सिडायझिंग (ऑक्सिजन देणारी) आणि रिड्यूसिंग (ऑक्सिजन काढून घेणारी) अशा दोन्ही ज्योती मिळतात, दोन इंचांच्या अंतरात. माझ्या बॅचमध्ये तांबडा मणी कुणाचा आला नव्हता. आता वाटतं, कॉलर पूर्ण उघडी असताना तो भाग इतका आखूड होतो की मणी बाहेरच पडत असणार.

रसायनी
अगदी. रिड्यूसिंगला कॉलर थोडी आवळून, शंकूच्या टोकाला जरासा पिवळा येईल न येईल अशी ठेवा आणि मणी तिथे धरा. मणी बाहेर काढताना मध्ये हवेत रेंगाळू देऊ नका, पुन्हा निळा होईल. संगमेश्वरी, स्पिरिट लॅम्पवर फुंकनळी वापरून बघा, कष्ट आहेत पण जमतं.

संगमेश्वरी
फुंकून फुंकून गाल दुखले तर तुमच्या नावावर.

तुर्भे_शिफ्ट
चंचुपात्र मॅडम, जुने जेट फेकू नका, पाकिटात घालून "सिलिंडर" असं लिहून ठेवा. गॅसलाइनचं काम निघालं की परत सिलिंडर येतो आणि मग मोठे जेट लावून काजळीचा धूर. आणि सिलिंडर आला तर हेही लक्षात ठेवा की तो गॅस हवेपेक्षा जड, गळला तर टेबलाखाली साचतो. पाइपचा हलका, तो वर जातो. खिडक्या दोन्हींसाठी उघड्याच, पण सिलिंडर असताना जमिनीलगतची हवाही खेळती हवी.

चंचुपात्र
पाकीट मामांनी आधीच केलंय. वर तारीखही घातली आहे.

गिरणगाव
अवांतर: पेट्रोमॅक्सची जाळी हल्ली मुंबईत कुठे मिळते? गणपतीला मंडळात एक जुनी बत्ती लावायची आहे.

शिवडी_नाका
लोहार चाळीत विचारून बघा. नाही मिळाली तर टवाळला डोक्यावर उभा करा, उजेड पडेल.

टवाळ_कार्टं
माझं भोक बंद ठेवा मग, पिवळा उजेड जास्त पडतो.